काळी, बरड आणि मधली विहीर: फवारलेलं औषध जमिनीत किती राहतं आणि कुठे जातं

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो. नागपूर जिल्ह्यात काटोलकडे पाच एकर वावर. खालचे तीन एकर भारी काळी, नाल्याला लागून. वरचे दोन एकर बरड, हातभर खणलं की मुरूम, आणि तिथे संत्र्याची बाग. दोन्हींच्या मधे विहीर. खालच्या वावरात खरिपात मका होता, पेरणीनंतर लगेच ॲट्राझीन हे तणनाशक मारलं. मका काढून हरभरा पेरला. तो उगवला चांगला, पण पुढे पट्ट्यापट्ट्यांनी पिवळा पडून करपला. बागेत डिंक्यासाठी (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) मेटालॅक्झिल या बुरशीनाशकाची आळवणी करता, म्हणजे ते मुळाशी ओतता, आणि तणावर ग्लायफोसेट मारता. कृषी केंद्रवाले म्हणतात औषध दोन महिन्यांत संपतं. शेजारी म्हणतात काळी माती औषध वर्षानुवर्षं धरून ठेवते. तर औषध जमिनीत नेमकं किती दिवस राहतं, आणि विहिरीचं पाणी घरी प्यायचं की नाही?

भाऊ, यात दोन वेगळे प्रश्न आहेत. औषध टिकतं किती हा एक, आणि औषध हलतं किती हा दुसरा. काही औषधं वर्षानुवर्षं टिकतात पण जागची हलत नाहीत. काही पाण्याबरोबर धावतात पण आठ-पंधरा दिवसांत मोडून जातात. जी टिकतातही आणि हलतातही, त्यांच्यापासून विहिरीला धोका असतो. हरभऱ्याला मात्र जागेवर टिकलेलंच मारतं. म्हणून एकाच शेतात दोन प्रश्नांची उत्तरं उलटसुलट येऊ शकतात. कोणत्याही औषधाला स्वतःचे असे ठरलेले दिवस नसतात. ते औषध, ती माती आणि त्या वर्षीचा ओलावा, या तिघांचे मिळून दिवस ठरतात. मी नागपूर जिल्ह्यात माती आणि पाण्याच्या नमुन्यांचं काम करतो. एकाच डब्यातलं औषध नरखेडच्या वावरात एका तऱ्हेने वागतं आणि मौद्याच्या धानाच्या बांधीत दुसऱ्या, हे आम्ही नेहमी पाहतो.

हरभऱ्यापासून सुरू करू. आधी रोप नीट बघा. ॲट्राझीन मुळातून वर चढतं आणि पानाची अन्न तयार करण्याची क्रिया बंद पाडतं. म्हणून रोप उगवतं, चार पानं काढतं आणि मग खालची, जुनी पानं कडेकडेने पिवळी होऊन वाळतात. नवी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे, आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती हरभऱ्यावर सर्रास दिसते. झाड एकदम मान टाकत असेल आणि बुंधा उभा चिरल्यावर आत काळपट रेघ दिसत असेल तर तो मर रोग. या तिघांत गल्लत होते आणि औषधावर नाहक खापर फुटतं. पण तुम्ही पट्टे म्हणालात, म्हणून मला औषधाचा संशय जास्त आहे. मर रोग असे सरळ पट्टे ओढत नाही. पट्टे फवारणीच्या दिशेने आहेत का आणि धुऱ्याजवळ (बांधाजवळ), जिथे पंप वळवला जातो तिथे, जास्त आहेत का, एवढं पाहून घ्या. वळणावर दुप्पट मात्रा पडते.

आता दोन महिन्यांचा हिशेब. कृषी केंद्रवाल्यांनी सांगितलेले दोन महिने खोटे नाहीत, ते अर्धायुष्य आहे. म्हणजे साधारण ६० दिवसांत औषध निम्मं होतं. १२० दिवसांनी पाव उरतं, १८० दिवसांनी आठवा हिस्सा. एका हेक्टरची वरची १५ सेंटिमीटर माती अंदाजे २० लाख किलो भरते. मक्यात ॲट्राझीनची जास्तीत जास्त मात्रा हेक्टरी एक किलो शुद्ध औषध, म्हणजे ५० टक्के पावडर एकरी ८०० ग्रॅम. ती पूर्ण मारली तर किलोभर मातीत अर्धा मिलिग्रॅम औषध येतं. मक्यानंतर हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत चार महिने धरा, तर किलोला पाव मिलिग्रॅमच्या निम्मं, ०.१२ च्या आसपास, उरलेलं असतं. धुऱ्यावर दुप्पट पडलं असेल तिथे पाव मिलिग्रॅम. हरभरा, सोयाबीन, भाजीपाला यांसारख्या नाजूक पिकांना एवढंसुद्धा भोवू शकतं. मका मात्र याच्या कित्येक पट पचवतो, कारण त्याच्या अंगात ॲट्राझीन मोडायची सोय आहे. म्हणून मक्यात काहीच दिसलं नाही आणि हरभऱ्यात दिसलं.

हे ६० दिवससुद्धा सरासरीचे. तुमच्या काळ्या मातीत ते लांबतात, आणि कारण सामू (पीएच), म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा. आपल्या बेसाल्टवरच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५, खाली चुनखडी. ॲट्राझीन आम्लधर्मी मातीत धन भार घेतं, चिकणमातीच्या कणाला धरून बसतं आणि रासायनिक क्रियेनेही लवकर मोडतं. सामू आठच्या वर गेला की हे दोन्ही रस्ते अरुंद होतात. औषध मोडतं हळू आणि सुटं राहतं जास्त. सुटं म्हणजे मुळाला मिळेल असं, आणि पाण्याबरोबर जाईल असंही. काळी माती भारी, तिच्यात चिकण ५० ते ६० टक्के, म्हणून ती सगळं घट्ट धरून ठेवते, हा समज म्हणूनच अपुरा पडतो. ती काय धरते हे त्या औषधावर कुठला भार आहे यावर ठरतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सोयाबीनमध्ये मिळतं. क्लोरिम्युरॉन आणि इमॅझेथापायर, दोन्ही एकाच पिकातली तणनाशकं, दोन्ही वनस्पतीतलं एकच विकर (एन्झाइम) बंद पाडणारी. क्लोरिम्युरॉन हेक्टरी फक्त ९ ग्रॅम मारतात, पण ते मोडायला आम्ल लागतं. सामू आठच्या जमिनीत ते रेंगाळतं आणि चिकटतही नाही. गव्हातलं मेटसल्फ्युरॉन, हेक्टरी ४ ग्रॅम, याच घराण्यातलं. त्याच्या मागोमाग ज्वारी घेऊ नये असं सांगतात ते याचसाठी. इमॅझेथापायरचं उलट आहे. ते आम्लधर्मी मातीत चिकटून बसतं आणि जास्त टिकतं. आपल्याकडच्या सामूला ते सुटं राहतं, जीवाणूंच्या हाती लागतं आणि ओलावा मिळाला तर लवकर संपतं. माती एक, पीक एक, शेतकरी एक, आणि तोच सामू एका औषधाला वाढवतो तर दुसऱ्याला घटवतो. म्हणून माती परीक्षणाच्या पत्रिकेत सगळे नत्र-स्फुरद-पालाश बघतात, मी मात्र आधी सामूचा आकडा बघायला सांगतो. खतापुरताच तो आकडा नाही.

ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही तणनाशकं मातीला घट्ट चिकटतात, पण दोघांची पकड वेगळी. पॅराक्वाट धन भाराचं आहे. काळ्या मातीतली चिकण पापुद्र्यांची असते आणि पॅराक्वाट त्या पापुद्र्यांच्या मधे जाऊन अडकतं. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहतं, पण मुळाला मिळत नाही आणि विहिरीतही जात नाही. प्रयोगशाळेत तीव्र आम्लाने उकळून काढलं तर सापडतं, पिकाला सापडत नाही. शेजाऱ्यांचं म्हणणं पॅराक्वाटपुरतं बरोबर आहे. ग्लायफोसेट मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला चिकटतं, फॉस्फेट जसं चिकटतं तसं. त्यामुळे स्फुरद भरपूर दिलेल्या जमिनीत त्याला जागा कमी उरते. तरीही झिरपून विहिरीत जाण्यापेक्षा ते मातीच्या कणांसकट वाहून नाल्यात जाण्याची भीती मला जास्त वाटते.

आणि वाहून जाणं ही काळ्या मातीची मोठी अडचण आहे. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात, काही मीटरभर खोल. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. वरच्या थरातून मुरत, गाळत, कणाकणाला चिकटत जायला त्याला वेळच मिळत नाही. भेगा मिटण्याआधी मारलेलं औषध, मग ते कितीही चिकटणारं असो, अशा पाण्याबरोबर खोल जाऊ शकतं. कागदावरचा कोणताही हिशेब हे पकडत नाही. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी आत शिरायलाच तयार नसतं. तासाला काही मिलिमीटरसुद्धा मुरत नाही. बाकीचं उतारावरून गढूळ होऊन नाल्याला जातं. पेंडिमेथॅलिन, क्लोरपायरीफॉस, पायरेथ्रॉइड ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारी औषधं त्या गाळाला चिकटून जातात. जे वाहून जायचं त्यातला बराचसा भाग फवारणीनंतरच्या पहिल्या धो धो पावसातच जातो. म्हणून ढग भरून आले असताना तणनाशक मारून घेण्याची घाई करू नका, आणि नाल्याच्या कडेला आठ-दहा फूट गवताची पट्टी कायम राहू द्या. ती पट्टी वखरू नका.

आता वरची बरड, आणि मला तुमची खरी काळजी तिथली वाटते. करपलेल्या हरभऱ्याचं एक हंगामाचं नुकसान होतं, विहिरीचं पाणी रोज पोटात जातं. बरड जमीन उथळ, चिकण कमी, आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली. बहुतेक औषधं, विशेषतः ज्यांच्यावर भार नाही ती, चिकटतात सेंद्रिय कर्बालाच. तो नसेल तर अडवणार कोण? हातभर मातीखाली मुरूम, त्याखाली सांधे असलेला बेसाल्ट. मुरमात जीवाणू जवळजवळ नाहीत, त्यामुळे एकदा औषध मातीचा थर ओलांडून गेलं की त्याचं अर्धायुष्य महिन्यांचं राहत नाही, वर्षांचं होतं. जर्मनीने १९९१ मध्ये ॲट्राझीन बंद केलं, पण ते आणि त्याचे तुकडे तिथल्या भूजलात पुढे कित्येक वर्षं सापडत राहिले. वर जे काही महिन्यांत मोडतं तेच खाली का मोडत नाही, याचं उत्तर हेच: खाली मोडणारं कोणी नाही.

झिरपण्याचा धोका ढोबळ मानाने काढायला गुस्टाफसन या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये एक सोपं सूत्र दिलं. अर्धायुष्याच्या दिवसांचा लॉग (दहाच्या पायाचा) घ्यायचा आणि चारातून सेंद्रिय कर्बाला चिकटण्याच्या आकड्याचा लॉग वजा करून त्याने गुणायचं. उत्तर २.८ च्या वर आलं तर औषध झिरपणारं, १.८ च्या खाली आलं तर न झिरपणारं, मधलं शंकेचं. ॲट्राझीनचं अर्धायुष्य ६० आणि चिकटण्याचा आकडा १००, उत्तर ३.५६. क्लोरपायरीफॉसचं अर्धायुष्य ३०, चिकटण्याचा आकडा ६,०००, उत्तर अर्ध्याच्याही खाली. मेटालॅक्झिल लिटरभर पाण्यात ८ ग्रॅमपेक्षा जास्त विरघळतं, चिकटण्याचा आकडा ५० च्या घरात, अर्धायुष्य दोन महिन्यांच्या आसपास. उत्तर चारच्या वर. तुमच्या बागेतल्या औषधांत विहिरीच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. तणाचं ग्लायफोसेट त्याच्या बरंच मागे येतं. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं आळ्यात ओतत असाल तर तीही मेटालॅक्झिलच्या रांगेतली समजा. फवारणीत पानावर बसणारं औषध आळवणीत सगळं मातीत जातं, आणि आळ्यात वर पाणी सोडलं की आपणच ते खाली ढकलतो.

म्हणून बरडीत आळवणी करायची तर पावसाची उघडीप पाहून करा. माती वाफशावर असताना द्या, आणि त्यानंतरचं पाणी मोजून द्या, मुळांच्या खोलीपुरतं. विहिरीच्या आसपासच्या झाडांना आळवणी नकोच. तिथे डिंक्यासाठी बुंध्याला बोर्डो पेस्ट, पाण्याचा निचरा आणि बुंध्याला पाणी लागू न देणारं दुहेरी आळं यांवर भर द्या. दरवर्षी प्रत्येक आळ्यात भरपूर कुजलेलं शेणखत घाला. बरडीत सेंद्रिय कर्ब वाढवणं म्हणजे औषधाला अडवणाराही आणि मोडणाराही तिथे ठेवणं, दोन्ही कामं एकाच खर्चात होतात.

बोर्डोचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. तांबं मूलद्रव्य आहे, त्याला अर्धायुष्य नाही. बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड जितकं घालाल तितकं तांबं वरच्या थरात साठत जातं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते बांधलं जातं म्हणून झाडाला लगेच अपाय दिसत नाही, पण जुन्या बागेत चार-पाच वर्षांतून एकदा मातीतलं तांबं तपासून घ्यावं. बुंध्याला पेस्ट लावणं आणि वर्षातून अनेकदा पूर्ण झाडावर फवारणं यात फार फरक आहे.

ओलाव्याबद्दल एक मुद्दा राहिला. तापमान दहा अंशांनी वाढलं की मोडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून बरेच जण धरून चालतात की नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सगळं जळून जात असेल. अगदी वरच्या पापुद्र्यावर उन्हाने काही मोडतं, हे खरं. पण त्याखालच्या कोरड्याठाक मातीत जीवाणू झोपलेले असतात. फेब्रुवारी ते मे हे चार महिने हिशेबात जवळजवळ धरूच नका. औषध मोडण्याचा खरा काळ म्हणजे पावसाळा आणि पाणी दिलेली रब्बी. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठा खंड पडतो त्या वर्षी मक्याचं ॲट्राझीन हरभऱ्यापर्यंत हमखास जास्त पोहोचतं. मौदा-रामटेकच्या बांधीत पाणी साचून हवाच संपते, तिथले जीवाणू वेगळे, तिथला हिशेब वेगळा. तो तुम्हाला लागू नाही.

आता करायचं काय. हरभऱ्याची जी झाडं शेंड्याला हिरवी आहेत ती हलकं पाणी दिल्यावर सावरू शकतात, जी पार वाळली ती सोडा. त्या पट्ट्यांत पुन्हा हरभरा पेरू नका. ओलिताची सोय असेल तर उन्हाळी मका किंवा ज्वारी घेता येईल, ती ॲट्राझीन सोसते आणि दिलेल्या पाण्याने औषध मोडायलाही मदत होते. पुढच्या खरिपात सोयाबीन किंवा तूर घेण्याआधी कुंडीची चाचणी करा. मे महिन्यात खराब पट्ट्यातली वरची १५ सेंटिमीटर माती दहा-बारा ठिकाणांहून घेऊन मिसळा. औषध कधीच न पडलेल्या धुऱ्यावरची तशीच माती वेगळी घ्या. दोन्हींच्या तीन-तीन कुंड्या भरा, खराब मातीच्या आणखी एका कुंडीत चमचाभर सक्रिय कोळशाची पूड मिसळा. सगळ्यांत काकडी आणि जे पीक घ्यायचं तेच पेरा. उजेडात ठेवा, सावलीत ॲट्राझीनची लक्षणं दिसत नाहीत. तीन आठवडे बघा. खराब मातीत रोप करपलं आणि कोळशाच्या कुंडीत टिकलं तर औषधच आहे. कोळशाच्या कुंडीतही करपलं तर कारण दुसरं शोधा. या चाचणीला जवळजवळ खर्च नाही आणि पिकाला औषध मिळतंय की नाही हे ती यंत्रापेक्षा सरळ सांगते, कारण यंत्र चिकटून बसलेलंही मोजतं.

पुढच्या मक्यात ॲट्राझीनची मात्रा तुमच्या सामूला खालच्या बाजूची ठेवा, ५० टक्के पावडर एकरी ४०० ग्रॅमकडे झुकणारी, आणि राहिलेलं तण डवरणी-निंदणाने काढा. वळणावर नोझल बंद करण्याची सवय फवारणाऱ्या माणसाला लावा.

विहिरीबद्दल नुसत्या वर्णनावरून पाणी चांगलं किंवा वाईट असं मी म्हणणार नाही. नमुना द्या, आणि देताना तुम्ही वापरलेल्या औषधांची नावं लिहून द्या. कीटकनाशकांची चाचणी सरसकट होत नाही, ज्याचं नाव दिलं तेच प्रयोगशाळा शोधते. नमुना पावसाळा लागल्यावर पहिलं पाणी विहिरीत उतरतं तेव्हा एकदा आणि हिवाळ्यात एकदा घ्या, रंगीत काचेच्या स्वच्छ बाटलीत, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात ॲट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात कोणत्याही एका कीटकनाशकाची ०.१. पत्रिका येईपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी घ्या, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच. उकळून औषध जात नाही.

आणि पत्रिकेची वाट न पाहता दोन गोष्टी या आठवड्यात करा. विहिरींत सापडणारं औषध दर वेळी शेतातून झिरपूनच येतं असं नाही, ते विहिरीच्या काठावरूनही येतं. तिथेच औषध कालवायचं, पंप भरायचा, ड्रम धुवायचा, रिकामी बाटली कठड्याला ठेवायची. ही जागा विहिरीपासून निदान शंभर फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला न्या. धुवण पुन्हा त्याच पिकावर फवारा. दुसरी गोष्ट ठिबकची. व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणाऱ्या नळीतून) औषध सोडत असाल आणि मधेच लाइन गेली, तर पाइपातलं पाणी औषधासकट मागे विहिरीत उतरतं. आपल्याकडे लाइन कशी जाते हे तुम्हाला सांगायला नको. व्हेंच्युरी आणि मोटर यांच्या मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आहे का ते बघा, असेल तर मोटर बंद करून तो पाणी अडवतो का हेही बघा. तो बसेपर्यंत ठिबकमधून औषध सोडू नका.